जसोदाबाईची कढई

जसोदाबाईचं वाटोळं मी केलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला "बाई, तुमचा काय दोष" म्हणायला नको. असं म्हणणारे पुष्कळ भेटले. आमचे साहेब म्हणाले, मुख्यसेविका म्हणाल्या, माझी सख्खी आईसुद्धा म्हणाली. मला त्या वाक्याचा आता वीट आलाय.

मी कमल, रनाळ्याची. फायनल पास झाले, ग्रामसेविकेचं शिक्षण घेतलं आणि अठ्ठावन्न साली विकास गटाकडून माझी नेमणूक तापीकाठच्या प्रकाशा गावी झाली. खांद्याला शबनम पिशवी आणि तिच्यात बायकांनी घरगुती धंदा कसा करावा याची सरकारी पुस्तिका. ती मला तोंडपाठ होती. माल एकसारखा ठेवा, भाव ठरवून ठेवा, कबूल केलेल्या दिवशी माल पोहोचवा, आणि कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईला मजुरी द्या, फुकट राबवून घेऊ नका. वाईट काय आहे यात? आजही वाचलं तर एक अक्षर खोडावंसं वाटत नाही. माझा जीव तिथेच अडकतो.

जसोदाबाई गुजरांची. माहेर कळसाडीचं. नवरा मगन तापानं गेला तेव्हा ती पंचविशीची असेल आणि पोरगी शांती चार वर्षांची. मोठा दीर रूपचंद याचं तापीकाठी केळीचं रान, कपाशी, दोन सालदार. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. वाईट माणूस असता तर मला त्याला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. घरात खायला कमी नव्हतं, पण कोठीची किल्ली मोठ्या जावेच्या, सुगंधाबाईच्या कमरेला. मीठ हवं तर तिला सांगायचं, दाणे हवे तर तिला सांगायचं.

एक दिवस शांतीनं उघड्या राहिलेल्या कोठीतून मूठभर ज्वारी घेतली. गावातली सगळी पोरं घेतात आणि वाण्याकडे देऊन गूळ-शेंगा खातात. सुगंधाबाईनं तिला अंगणात धरलं, चारचौघांदेखत तिची मूठ उघडली आणि दाणे परत कोठीत टाकायला लावले. मारलं नाही, बोट लावलं नाही. जसोदाबाई तिथेच भांडी घासत होती. रूपचंद ओसरीवर बसलेला होता. मोठ्या दिरासमोर ती बोलायचीच नाही, पदर नाकापर्यंत ओढलेला असायचा. दुसऱ्या दिवशी तिनं शांतीच्याच तोंडून दिराला निरोप दिला, मला वेगळं राहू द्या.

रूपचंदनं गल्लीच्या टोकाची पडवी दिली. पुढे ऐसपैस ओटा होता. त्यानं अटही घातली, तीही शांतीच्याच मार्फत. दोन आखाज्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे दोन सण, बघू. या घरातला दाणाही न घेता तुझं आणि पोरीचं निभलं तर राहा खुशाल. नाही निभलं तर परत यायचं आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. जसोदाबाईनं तापीची गाळमाती आणून चूल घातली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ती चूल सारवत होती. इतकी गुळगुळीत सारवलेली चूल मी माझ्या जन्मात पाहिली नाही. मी विचारलं, कशाला हा खटाटोप, तिकडे दोन वेळचं मिळत होतं ना? तिनं हात थांबवला नाही.

"मूठभर दाणासाठे आते कोनापुढे हात पसरना नही, बाई," ती म्हणाली. "तेवढीच आस शे."

धंदा तिनं स्वतःच शोधला होता, मी नव्हे. बिबड्या. आमच्या खानदेशात चैत्रात घरोघरी होतात. ज्वारी तीन दिवस भिजवायची, दळायची, पहाटे मोठ्या भांड्यात तिखट-मीठ-तीळ घालून त्याचा घाटा शिजवायचा आणि गरम आहे तोवर ओल्या धोतरावर हातानं थापायचा. उन्हात वाळला की झाली बिबडी. भाजा नाहीतर तळा. जसोदाबाईची बिबडी कागदासारखी पातळ व्हायची आणि कुठे फाटायची नाही. सोमवतीला, शिवरात्रीला देवळाकडे यात्रेकरू यायचे, ती टोपली घेऊन घाटाच्या पायरीवर बसायची आणि दुपारच्या आत रिकामी होऊन यायची.

आता बिबड्या एकटीनं होत नाहीत, हे कुणालाही विचारा. घाटा निवायला लागला की घट्ट होतो, मग थापता येत नाही. दहा-बारा बायकांचे हात एकदम लागतात. म्हणून गल्लीत पाळी असते. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. येणारी पाट घेऊन येते, गरम घाटा तेल घालून खाते, गप्पा मारते, थापते आणि घरी जाते. पैशाचं नाव नाही. जसोदाबाईला वर्षात एक पाळी पुरायची नाही, तिला पाच-सहा लागायच्या. ती काय करायची? अख्खा फाल्गुन-चैत्र दुसऱ्यांच्या ओट्यांवर असायची. कुणाचे पापड, कुणाच्या शेवया, कुणाची बाळंतीण न्हाऊ घाल, कुणाच्या गोधड्या शिव. समोरच्या हिंमतरावांची अनुसयाबाई पडली तेव्हा जसोदाबाईनं महिनाभर त्यांच्या म्हशीचं केलं. म्हणून ती शांतीला सांगावा घेऊन पाठवायची तेव्हा बायका एका हाकेत यायच्या. अनुसयाबाई सगळ्यांत आधी.

पहिली आखाजी निभली. जसोदाबाईनं त्या दिवशी ओट्याच्या लिंबाला शांतीसाठी झोका बांधला आणि सुगंधाबाईच्या पोरांनाही बोलावून पुरणपोळी वाढली. स्वतःच्या चुलीवरची! ती कधी नाही ते मोठ्यानं हसत होती.

मग मी माझं शहाणपण घेऊन उतरले. शहाद्याच्या एका बोर्डिंगात पोरांच्या जेवणासाठी वर्षभराच्या बिबड्या हव्या होत्या. मी पायपीट करून ते काम जसोदाबाईला मिळवून दिलं. गटाकडून तिला एक मोठी लोखंडी कढई मिळवून दिली, दोन माणसांनी उचलावी अशी, आणि थापायला नवं कापडही. मी किती फुगले होते म्हणून सांगू! साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि एक मस्टर हातात ठेवलं. सरकारी साहित्य दिलंय, तेव्हा कामाला येणाऱ्या बायकांची रोजची हजेरी लागेल, अंगठा लागेल आणि मजुरी दिल्याचं दिसलं पाहिजे.

मी ते मस्टर घेऊन जसोदाबाईकडे गेले. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण मस्टर कशाला म्हणतात ते तिला माहीत होतं. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांचं असतं ते.

"त्या पैसासाठे येतस का, बाई?" ती म्हणाली. "मी त्यास्ना घर जास, म्हणीसन त्या मन्हा घर येतस."

मी तिला अर्धा तास समजावलं. म्हटलं, हेच तर चुकतंय. बाईच्या श्रमाला मोल नाही म्हणून बाईला मोल नाही. तू त्यांना फुकट राबवणार आणि माल विकणार, हे बरं दिसतं का? तिनं मस्टर मिटून माझ्याकडे दिलं. शेवटी म्हणाली, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही सांगाल तसं. शिकलेली! रनाळ्यात माझ्या आईच्या ओट्यावर हेच चालायचं. मी लहानपणी त्याच गरम घाट्यावर वाढले. आईला कुणी पापडाच्या पाळीला पैसे दिले असते तर तिनं ते भिरकावून दिले असते, हे मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. पण सरकारी पिशवी खांद्याला लागली आणि आईच्या घरचं सगळं मला अडाणीपणाचं वाटायला लागलं. म्हणून सांगते, दोष माझाच.

ही एकसष्टच्या चैत्रातली गोष्ट. बोर्डिंगच्या मालाचा पहिला दिवस. बारा बायका आल्या, पदर खोचून बसल्या, घाटा खाल्ला, हसल्या-खिदळल्या. दुपारी मी ओट्यावर उभी राहून मस्टर उघडलं आणि एकेकीचं नाव मोठ्यानं वाचलं, नवऱ्याच्या नावासकट. "अनुसयाबाई हिंमतराव पाटील!" भर गल्लीत. बायकांनी तोंडात पदर कोंबले. मला वाटलं लाजल्या. एकेकीनं येऊन अंगठा दिला. मी प्रत्येकीच्या हातात मजुरी ठेवली, तीही त्यांनी घेतली. सेविकाबाईंचा मान म्हणून घेतली, हे मला नंतर कळलं. जाताना अनुसयाबाईनं ते पैसे ओट्याच्या कडेला ठेवले आणि पायरी उतरली. तिच्यामागून दुसरीनं ठेवले, तिसरीनं ठेवले. मी म्हटलं, अगं, विसरल्या बघ या! जसोदाबाई त्या पैशांकडे पाहत उभी होती. 

त्या संध्याकाळी चावडीवर कुणीतरी हिंमतरावांना विचारलं, काय पाटील, घरची बाई रोजानं जायला लागली वाटतं? सरकारी मस्टरवर नाव आहे म्हणे. हिंमतरावांच्या शेतात आठ माणसं रोजानं असतात. ते घरी गेले आणि काय बोलले ते मला ठाऊक नाही. अनुसयाबाई दुसऱ्या दिवशी विहिरीवर दिसली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

मोठी खेप चार दिवसांनी करायची होती. बोर्डिंगला कबूल केलेला दिवस जवळ आलेला. दोन मण ज्वारी भिजून दळून तयार. हे पीठ थांबत नाही. उन्हाळ्यात एक दिवस जास्त गेला की आंबून वास मारतं, टाकूनच द्यावं लागतं. आदल्या संध्याकाळी जसोदाबाईनं शांतीला नेहमीसारखं घरोघर पाठवलं. पोर परत आली ती रडवेली. एकीच्या घरी पाहुणे येणार होते, एकीचं अंग दुखत होतं, एकीच्या सासूनं दारच लावून घेतलं. मी तणतणत अनुसयाबाईकडे गेले. म्हटलं, तिनं तुझ्या म्हशीचं केलं ते विसरलीस का? ती उंबऱ्याच्या आतच उभी राहिली.

"मस्टरवर मजूर लावा, सेविकाबाई," ती म्हणाली. "आम्ही मजूर नहीत."

मजूर लावायचे तर कुठून? गावकुसाबाहेरच्या वस्तीवरच्या बायकांना बोलवावं असं मी म्हटलं. जसोदाबाई त्यालाही तयार झाली असती, पण बोर्डिंगच्या आचाऱ्यानं आधीच विचारून घेतलं होतं, कुणाच्या हातच्या आहेत म्हणून. मला त्याचाही संताप आला, सगळ्या गावाचा आला, माझ्या पुस्तिकेचाही आला. पण संतापानं बिबड्या थापल्या जात नाहीत.

पहाटे आम्ही तिघीच होतो. जसोदाबाई, मी आणि आठ वर्षांची शांती. मी म्हटलं, थोडं थोडं शिजवू. तर ती सरकारची कढई केवढी! थोडं पीठ तिच्या तळाशी करपायचं, जास्त शिजवलं तर थापून व्हायचं नाही. जसोदाबाईनं निम्मं पीठ वैरलं. आम्ही थापायला बसलो. ती एकटी चौघींचं थापत होती, पाण्यात हात बुडवायलाही थांबत नव्हती. तिच्या तळव्यांना फोड आले, फुटले. मधूनमधून मान वर करून ती गल्लीकडे बघायची. समोर अनुसयाबाईच्या दाराची कडी वाजली तेव्हा तिचा हात थांबला. अनुसयाबाईनं अंगणात सडा टाकला आणि दार पुन्हा लावलं.

ऊन ओट्यावर चढलं तोवर घाटा दगड झाला. पाणी घालून पुन्हा चुलीवर ठेवला तर खालून लागला. करपट वास गल्लीभर गेला. राहिलेलं पीठ तिसऱ्या प्रहरी फसफसलं. जसोदाबाई कढईशेजारी बसून राहिली. मी म्हटलं, आपण बोर्डिंगला दोन दिवस मागून घेऊ, मी बोलते. तिनं मान हलवली.

"दोन दिवस काय करतीन, बाई?" ती म्हणाली. "आते कोणी येवाव नही."

तिचं खरं होतं. बोर्डिंगनं दुसरीकडून माल घेतला, ते एक वेळ सोसलं असतं. पण गल्ली तुटली. मी जाऊन मस्टर रद्द केलं म्हणून सांगितलं, हात जोडले, काही उपयोग झाला नाही. कुणी जसोदाबाईशी भांडलं नाही. तिला कुणी पापडाला बोलावलं नाही, शेवयांना बोलावलं नाही, आणि तिच्याकडे कुणी आलं नाही. ती स्वतःहून पाट घेऊन दोघींच्या ओट्यावर गेली, तर त्यांनी तिला चहा पाजला आणि पाहुणीसारखं बसवून ठेवलं. कामाला हात लावू दिला नाही. घरी येऊन ती पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. आवाज न करता, पदराचा बोळा तोंडात धरून. मला वाटलं होतं ती मला शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

एकटीच्या हातानं होतील तेवढ्या बिबड्यांत दोन पोटं भरत नव्हती. दुसरी आखाजी आली. या वर्षी लिंबाला झोका नव्हता. सणाच्या चौथ्या दिवशी रूपचंदचा निरोप आला, पुष्कळ झालं, घरी या. तिनं स्वतःच कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, बोथट बाजूनं, चूल फोडली. शांती मध्ये आली तर तिला बाजूला केलं. माती पाटीत भरून तापीत टाकून आली आणि अंथरुणाची वळकटी घेऊन दिराच्या घरी गेली.

इकडे ऑफिसात काय झालं ते ऐका. ते बारा अंगठ्यांचं मस्टर फायलीला लागलं आणि अहवालात आमचं गाव यशस्वी म्हणून गेलं. मी खरं काय ते लिहून दिलं, तर साहेब म्हणाले, बाई, अंगठे आहेत ना, मग झालं. मात्र कढई वापरात नाही हे कळल्यावर ती परत आणायचा हुकूम निघाला. आणायची कुणी? मीच.

आषाढात मी बैलगाडी घेऊन रूपचंदच्या दारात उभी राहिले. जसोदाबाई मागच्या पडवीतून आली. तिनं कढई कुठे ठेवली असेल, काय अवस्था असेल, असं मला वाटत होतं. तिनं ती राख आणि नारळाच्या काथ्यानं घासून अशी लख्ख केली होती की करपल्याचा डागसुद्धा नव्हता. किती दिवस घासली असेल, देव जाणे. मी आणि गाडीवाला कढई उचलायला वाकलो, तेवढ्यात ती म्हणाली, थांबा.

सुगंधाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. किल्ली कमरेला. रूपचंद पलीकडे पान खात बसलेला, म्हणून जसोदाबाईनं पदर खाली ओढला आणि जावेच्या समोर जाऊन उभी राहिली. दोन वर्षं मी जिच्या तोंडून एकच गोष्ट ऐकत आले होते, तिनं ओंजळ पुढे केली.

"मूठभर जवारी दे वं, बहिन," ती म्हणाली. "दुसरानं भांडं रिकामं कसं धाडू?"

सुगंधाबाईनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग उठली, कोठी उघडली आणि मूठभर ज्वारी तिच्या ओंजळीत घातली. शांती दाराशी उभी राहून बघत होती. जसोदाबाईनं ते दाणे त्या एवढ्या मोठ्या कढईत टाकले. ते तळाशी जेमतेम दिसत होते. मला म्हणावंसं वाटलं, बाई, सरकारला रिकामं भांडं चालतं, सरकारला काही नको तुझ्याकडून.  ती माझ्या पाया पडली. लहान म्हणून मी पडायला हवं होतं, आणि पडली ती.

शहाद्याला पोहोचेपर्यंत मी गाडीत कढईच्या काठाला धरून बसले, दाणे सांडू नयेत म्हणून. गोदामाच्या कारकुनानं कढई तपासली, चांगली ठेवली आहे म्हणाला, आणि आतली ज्वारी पाहून विचारलं, हे काय? मी सांगितलं. त्यानं खांदे उडवले, कढई कलती केली आणि दाणे अंगणात ओतून टाकले. चिमण्या आल्या. 

पुढच्या महिन्यात ती कढई दुसऱ्या गावच्या एका बाईला मंजूर झाली. मस्टरसकट. पोहोचवायला मीच गेले.